ओपिऑइड पेनकिलर लिहून देताना डॉक्टर असे का वागतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेन क्लिनिकमध्ये लोक औषधाबद्दल कमी आणि डॉक्टरांबद्दल जास्त विचारतात. त्यांनी दिलं, यांनी का नाही दिलं, सहा महिने दिलं मग आता अचानक का बंद केलं. तेच प्रश्न इथे एकत्र केलेत. उत्तरांमध्ये माझी, म्हणजे एका डॉक्टरची, मतंही आहेत, ती लपवलेली नाहीत. आणि हे वाचून कुणीही स्वतःचा डोस स्वतः कमी-जास्त करू नका, प्लीज.

ओपिऑइड म्हणजे नक्की कोणत्या गोळ्या?

मॉर्फिन, कोडीन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन, फेंटानिल (याचे पॅच पण येतात), मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन, टॅपेंटाडॉल, ट्रामाडॉल. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक हे यात नाहीत, त्यांचं काम वेगळ्या पद्धतीने चालतं. ओपिऑइड मेंदू आणि मज्जारज्जूतल्या ठरावीक रिसेप्टरना जाऊन चिकटतात आणि दुखण्याची जाणीव कमी करतात, दुखण्याचं मूळ कारण तसंच राहतं.

ट्रामाडॉलबद्दल जरा थांबून सांगतो कारण बऱ्याच डॉक्टरांच्या डोक्यात ते 'अर्धंच' ओपिऑइड आहे. मॉर्फिन लिहिताना दहा वेळा विचार करणारा माणूस ट्रामाडॉल सर्दीच्या गोळीसारखं लिहून मोकळा होतो. पण त्याचीही सवय लागते, त्याने फिट येऊ शकते, आणि डिप्रेशनच्या काही औषधांबरोबर घेतलं तर शरीरात सेरोटोनिन नावाचं रसायन वाढून वेगळाच घोळ होतो. कोडीनचंही तसंच, लिव्हर त्याचं मॉर्फिन करतं पण प्रत्येकाचं लिव्हर ते सारख्या वेगाने करत नाही, एकाला काहीच फरक पडत नाही आणि दुसऱ्याला तोच डोस जास्त होतो. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था) २०१७ मध्ये १२ वर्षांखालच्या मुलांना कोडीन द्यायचंच नाही असं सांगितलं ते यामुळेच. थोडक्यात, 'सौम्य' हा शब्द ऐकला की लगेच निर्धास्त होऊ नका.

दुखणं तेच, पण एक डॉक्टर लगेच लिहून देतो आणि दुसरा हातच लावत नाही. असं कसं काय?

कारण प्रिस्क्रिप्शन फक्त दुखण्यावरून ठरत नाही. ऐकायला बरं नाही वाटत, पण यावर बऱ्यापैकी अभ्यास झालाय. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या वयस्कर पेशंटवर एक मोठा अभ्यास आला, त्यात एकाच हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागातल्या डॉक्टरांची आपसात तुलना केली होती. कमी लिहिणाऱ्या डॉक्टरांकडे सुमारे ७ टक्के पेशंटना ओपिऑइड मिळालं, जास्त लिहिणाऱ्यांकडे सुमारे २४ टक्क्यांना. कोणत्या पेशंटला कोणता डॉक्टर मिळणार हे जवळपास नशिबावर, आणि जास्त लिहिणाऱ्याच्या वाट्याला गेलेले पेशंट पुढच्या वर्षभरात दीर्घकाळ ओपिऑइड घेत राहण्याचं प्रमाणही जास्त निघालं. फरक छोटा होता, १.१६ ला १.५१ टक्के, पण हजारो-लाखो पेशंट धरले तर छोटा राहत नाही.

मग ठरतं कशावरून? बराचसा भाग सवयीचा. रेसिडेन्सीत (हॉस्पिटलमध्ये शिकाऊ डॉक्टर असताना) सीनियर जे लिहायचे तेच आपण लिहितो, त्यांनी पाच दिवसांचं लिहिलं तर पाच, पंधरा लिहिलं तर पंधरा, का म्हणून कुणी विचारत नाही. दुसरं म्हणजे वेळ. फॅमिली डॉक्टरांच्या भेटींवर २०१९ मध्ये आलेल्या एका अभ्यासात दिवसाच्या सुरुवातीच्या भेटींमध्ये ४ टक्के पेशंटना ओपिऑइड लिहिलं गेलं होतं, दिवसाच्या शेवटी ते ५.३ पर्यंत चढलं, आणि डॉक्टर अपॉइंटमेंटमध्ये मागे पडत गेले की तेव्हाही वाढलं. साध्या पेनकिलर किंवा फिजिओथेरपीच्या बाबतीत असं काही दिसलं नाही. मला यात अजिबात आश्चर्य वाटत नाही. 'हे औषध तुमच्यासाठी योग्य का नाही' हे नीट समजावायला वीस मिनिटं लागतात, पेशंट नाराज होतो, बरोबर आलेला मुलगा वाद घालतो, बाहेर अजून दहा जण ताटकळलेले असतात. चिठ्ठी लिहायला अर्धं मिनिट पुरतं.

पण आधी तर सर्रास द्यायचे म्हणे, मग आता एवढी भीती कुठून आली?

भीती आधीपण होती. मध्ये ती गेली आणि मग दुपटीने परत आली, असं म्हणा.

१९८० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक पत्र छापून आलं. पत्रच, संशोधनाचा पूर्ण लेख नव्हे, सगळी मिळून पाच वाक्यं. हॉस्पिटलमध्ये ॲडमिट असताना ओपिऑइड मिळालेल्या ११,८८२ पेशंटपैकी आधी व्यसनाचा इतिहास नसलेल्या फक्त चौघांमध्ये व्यसनाची नोंद सापडली, एवढाच मुद्दा. म्हणजे नर्सच्या नजरेखाली थोडे दिवस औषध घेणारी माणसं. पण पुढे हेच पत्र घरी बसून महिनोन् महिने गोळ्या घेणाऱ्यांनाही लावलं गेलं, सेमिनारमध्ये स्लाइडवर यायला लागलं, 'व्यसन लागण्याचं प्रमाण एक टक्क्यापेक्षा कमी' असं ठणकावून सांगितलं जायचं. २०१७ मध्ये त्याच जर्नलमध्ये कुणीतरी बसून मोजलं तेव्हा या पत्राचा दाखला ६०८ ठिकाणी सापडला आणि त्यातल्या ७२ टक्के लेखकांनी तो 'व्यसन क्वचितच लागतं' याचा पुरावा म्हणून दिला होता. मूळ पत्र उघडून किती जणांनी वाचलं असेल देव जाणे.

त्यात १९९६ मध्ये पर्ड्यू कंपनीने ऑक्सिकॉन्टिन (ऑक्सिकोडोनचीच गोळी) बाजारात आणलं आणि जोरात खपवलं. त्याच सुमाराला नाडी, बीपी, ताप, श्वास यांच्या जोडीला दुखणंही मोजा, ती पाचवी खूण समजा अशी मोहीम अमेरिकेत सुरू झाली. हेतू चांगलाच होता, कारण त्याआधी दुखण्याकडे खरोखर दुर्लक्ष व्हायचं. पण झालं काय, तर पेशंटने दहापैकी आठ म्हटलं की आकडा खाली आणायचा आणि तो आणायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे गोळी. २००७ मध्ये ऑक्सिकॉन्टिनच्या व्यसनाच्या धोक्याबद्दल दिशाभूल केल्याचा गुन्हा पर्ड्यूच्या कंपनीने कोर्टात कबूल केला. तोपर्यंत एक आख्खी पिढी सढळ हाताने लिहायला शिकून बसली होती, आणि तिच्या पाठोपाठ दुसरी पिढी आली ती बातम्यांतले मृत्यूचे आकडे बघत, हात आखडायला शिकून. तुम्हाला भेटलेले दोन डॉक्टर दोन वेगळ्या पिढ्यांचे असू शकतात, इतकं ते कधीकधी साधं असतं.

कंपन्या डॉक्टरांना पैसे देतात म्हणून लिहितात का?

काही अंशी हो. अमेरिकेत कंपन्यांनी डॉक्टरांना काय दिलं हे जाहीर करावं लागतं म्हणून तिथे तपासता आलं. २०१८ मधल्या अभ्यासात ओपिऑइड कंपन्यांकडून काही ना काही घेतलेल्या डॉक्टरांनी पुढच्या वर्षी इतरांपेक्षा जास्त ओपिऑइड लिहिलेलं दिसलं. आणि घेतलेलं म्हणजे बंडलं नव्हे हो, बहुतेक वेळा नुसतं जेवण. प्रत्येक डॉक्टरला वाटतं की आपल्यावर याचा परिणाम होत नाही, बाजूच्यावर होतो.

डॉक्टर मला व्यसनी समजून उलटतपासणी घेतायत असं वाटतं. हे नॉर्मल आहे का?

प्रश्न विचारणं नॉर्मल आहे, विचारण्याची पद्धत मात्र कधीकधी खरंच वाईट असते. दारू, सिगारेट, घरात कुणाला व्यसन, आधी मानसिक आजाराची ट्रीटमेंट, झोपेच्या गोळ्या, हे सगळं विचारलंच पाहिजे कारण या गोष्टींनी धोका खरोखर बदलतो. काही देशांत डॉक्टर कॉम्प्युटरवर बघतात की याआधी कुणाकडून ओपिऑइड घेतलंय का, कुठे कुठे लघवीची तपासणीही होते. मी स्वतः हे प्रश्न सगळ्यांना विचारतो, आजोबांना पण आणि कॉलेजच्या मुलाला पण, म्हणजे कुणाला वाटायला नको की आपल्यालाच वेगळं काढलं.

अडचण कुठे होते तर पेशंटने औषधाचं नाव घेऊन मागितलं की डॉक्टरच्या भुवया वर जातात. 'मला अमुकच लागू पडतं' या वाक्याने दोन डॉक्टर दोन अर्थ काढतात. एक म्हणतो माणसाला आपलं शरीर माहितीये, दुसरा म्हणतो हा औषधासाठीच आलाय. १९८९ मध्ये एका पेशंटच्या अनुभवावरून एक कल्पना मांडली गेली की दुखण्याला पुरेसं औषध मिळालं नाही तर माणूस व्यसनी असल्यासारखा वागतो, घड्याळ बघतो, पुन्हा पुन्हा मागतो, चिडतो. त्यात तथ्य आहे, मी ते वॉर्डात पाहतो. पण नंतर हीच कल्पना ताणून 'मागतोय म्हणजे कमी पडतंय, डोस वाढवा' इथपर्यंत नेली गेली आणि त्यातून नुकसान झालं. त्यामुळे खरं सांगायचं तर एका भेटीत कुणालाच नक्की कळत नाही. दोन-तीन भेटींत कळतं. डोस बरोबर बसला की ज्याला दुखत होतं तो माणूस कामाला लागतो, जेवतो, झोपतो.

पूर्वग्रह पण असतात, नाही म्हणून चालणार नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या गोऱ्या मेडिकल स्टुडंट आणि रेसिडेंटवरच्या अभ्यासात जवळपास निम्म्यांना कृष्णवर्णीय माणसांच्या शरीराबद्दल काही ना काही चुकीचं पटलेलं होतं, उदाहरणार्थ त्यांची कातडी जाड असते वगैरे, आणि अशा लोकांनी त्यांचं दुखणं कमी मोजलं. शिकलेली माणसं होती ही.

एकदा सुरू केलं की व्यसन लागणारच ना?

नाही. पण 'काही होत नाही' हेही चूक. इथे तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी होते. काही आठवडे रोज घेतल्यावर शरीराला औषधाची सवय होते आणि एकदम थांबवलं तर घाम, जुलाब, अंगदुखी, बेचैनी, हे जवळपास कुणालाही होईल. तोच परिणाम मिळायला डोस वाढवावा लागणं हे दुसरं. आणि नुकसान दिसत असूनही थांबता न येणं, औषधाभोवतीच आयुष्य फिरायला लागणं, हे व्यसन. पहिल्या दोन गोष्टी झाल्या म्हणजे तिसरी झाली असं होत नाही, आणि खेदाची गोष्ट म्हणजे डॉक्टरसुद्धा फाइलवर लिहिताना यात गल्लत करतात.

दिवसांचा मात्र संबंध आहे. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या २०१७ च्या आकडेवारीत किमान एक दिवसाचं ओपिऑइड मिळालेल्यांपैकी ६ टक्के लोक वर्षभरानंतरही घेत होते. पहिल्या वेळी ८ किंवा जास्त दिवसांचं मिळालेल्यांत १३.५ टक्के, ३१ किंवा जास्त दिवसांचं मिळालेल्यांत जवळपास ३० टक्के. ज्यांना जास्त दिवस दिलं त्यांचं दुखणंच मोठं असणार हे धरून सुद्धा, पहिली चिठ्ठी किती दिवसांची आहे याकडे बघायला हवं. माझी सगळ्यात मोठी तक्रार इथेच आहे. आम्ही डॉक्टर सुरू कधी करायचं यावर तासन् तास चर्चा करतो आणि बंद कधी करायचं हे चिठ्ठीवर लिहितच नाही.

बाबांना कॅन्सर आहे, डॉक्टरांनी मॉर्फिन लिहिलंय. म्हणजे आता शेवट आला का?

नाही नाही, असं अजिबात समजू नका. मॉर्फिन दुखण्याच्या तीव्रतेवरून देतात, किती दिवस उरलेत त्यावरून नाही. मॉर्फिन घेत माणसं महिनोन् महिने, काही वर्षंही चालती-फिरती असतात, आणि रेडिएशनने वगैरे दुखणं कमी झालं तर डोस कमीही होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कॅन्सरच्या दुखण्यासाठी पायऱ्यांची पद्धत सांगितली, आधी साधी पेनकिलर, मग सौम्य ओपिऑइड, मग मॉर्फिनसारखी तीव्र. आणि घड्याळ बघून द्या, दुखायला लागायची वाट बघू नका हेही सांगितलं. लंडनमध्ये १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (बरा न होणारा आजार असलेल्यांची काळजी घेणारं केंद्र) सुरू करणाऱ्या सिसिली साँडर्स हेच सांगत आल्या होत्या. तरी अजून कागदावर 'दुखल्यास घेणे' असं लिहिलेलं दिसतं. मग होतं असं की पेशंट रात्री दात आवळून बसतो, घरच्यांना उठवायला नको म्हणून, आणि पहाटे दुखणं इतकं वर गेलेलं असतं की एका गोळीने काहीच होत नाही. दर चार तासांनी ठरलेला डोस आणि मध्येच कळ आली तर वरून घ्यायचा छोटा डोस, दोन्ही लिहून घ्या. किडनी कमजोर असेल तर मात्र मॉर्फिनचे अवशेष शरीरात साठतात, तेव्हा डोस किंवा औषध बदलावं लागतं, ते डॉक्टरांना आठवणीने सांगा.

डॉक्टर इथे का कचरतात? श्वास थांबेल ही एक भीती, पण हळूहळू वाढवलेल्या डोसमध्ये ते क्वचित होतं, आधी गुंगी वाढलेली दिसते. दुसरी भीती कायद्याची, आणि ती जास्त खरी. भारतात अमली पदार्थांवरचा १९८५ चा एनडीपीएस कायदा आला आणि मॉर्फिन ठेवायला इतके परवाने लागायला लागले की हॉस्पिटलांनी ठेवणंच सोडलं, डॉक्टरांची एक पिढी ते हाताळायला न शिकताच तयार झाली. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सोपे केले पण हाताची सवय कायद्याच्या दुरुस्तीने येत नाही. जगाचं चित्र तर त्याहून वाईट. लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलने नेमलेल्या २०१७ च्या कमिशनने हिशोब मांडला की वर्षाला वाटल्या जाणाऱ्या सुमारे २९८ टन ओपिऑइडपैकी (मॉर्फिनच्या मापात, म्हणजे सगळी ओपिऑइड तेवढ्याच ताकदीच्या मॉर्फिनमध्ये मोजून) सगळ्यात गरीब देशांना ०.१ टन मिळतं. एकीकडे घरातल्या कपाटात उरलेल्या गोळ्या आणि दुसरीकडे कॅन्सरला पॅरासिटामॉल.

मग जुन्या कंबरदुखीला का नाही देत? ती पण सहन होत नाही!

सहन होत नाही हे मान्य. पण इथे औषध उपयोगीच फार पडत नाही. २०१८ मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या चाचणीत जुनी कंबरदुखी किंवा गुडघा-खुब्याची झीज असलेल्या २४० जणांना वर्षभर ओपिऑइड किंवा साधी औषधं दिली. रोजची कामं करण्यात दोन्ही गट सारखेच, दुखणं साध्या औषधवाल्यांचं किंचित कमीच, आणि साइड इफेक्ट ओपिऑइडवाल्यांना जास्त. ऑस्ट्रेलियात २०२३ मध्ये नव्याने सुरू झालेल्या कंबर आणि मानदुखीवर चाचणी झाली, त्यातही सहा आठवड्यांनी ओपिऑइड आणि खोटी (औषध नसलेली) गोळी यात फरक दिसला नाही. तेव्हा कंबरदुखीला डॉक्टर नाही म्हणाले तर ते कंजूषपणा करत नाहीयेत. फक्त 'नाही' म्हणून उठवलं आणि व्यायाम, फिजिओ, बाकीची औषधं याबद्दल चकार शब्द काढला नाही, तर तुमचा राग रास्त आहे.

ऑपरेशननंतर एवढ्या गोळ्या का देतात?

पुन्हा फोन येऊ नये म्हणून, अगदी स्पष्ट बोलायचं तर. सर्जन पुढच्या ऑपरेशनला गेलेला असतो, डिस्चार्जचा कागद ज्युनिअर भरतो आणि कॉम्प्युटरमध्ये जो आकडा आधीच भरून येतो तोच राहतो. अमेरिकेतल्या एका हॉस्पिटल समूहाने तो आधीच येणारा आकडा ३० वरून १२ केला, बाकी ना लेक्चर ना दंड, आणि लिहिल्या जाणाऱ्या गोळ्यांची संख्या खाली आली. वेगवेगळ्या अभ्यासांत ऑपरेशननंतर ६७ ते ९२ टक्के पेशंटकडे गोळ्या उरलेल्या होत्या.

तीन वर्षं घेत होतो, नवीन डॉक्टरांनी एकदम बंद करायला सांगितलं. बरोबर आहे का?

एकदम बंद, तेही तब्येतीला तातडीचा धोका नसताना? नाही, बरोबर नाही. हे कुठून आलं तेही सांगतो. २०१६ मध्ये सीडीसीने गाइडलाइन काढली की दिवसाला मॉर्फिनच्या मापात ९० मिलिग्रॅमच्या वर जाणं टाळा. ती सुरुवात करताना सांभाळून राहण्यासाठी होती, पण कुणी तिचा नियम केला, कुणी कायदा केला, आणि वर्षानुवर्षं स्थिर असलेल्या पेशंटचेही डोस धडाधड कापले गेले. २०१९ मध्ये एफडीएला इशारा द्यावा लागला की अचानक थांबवल्याने तीव्र त्रास, मानसिक ताण, आत्महत्येचे विचार असे प्रकार होतायत. २०२१ मधल्या एका मोठ्या अभ्यासातही डोस कमी केलेल्यांत ओव्हरडोस आणि मानसिक संकटाचं प्रमाण जास्त दिसलं. २०२२ च्या नव्या गाइडलाइनमध्ये तो कडक आकडा काढला, आणि वर्षाहून जास्त काळ घेणाऱ्यांचं कमी करायचंच असेल तर महिन्याला १० टक्के किंवा त्याहून हळू असं सुचवलं.

नव्या डॉक्टरांची बाजूही समजून घ्या. दुसऱ्याने सुरू केलेलं औषध, कागदपत्रं अर्धवट, उद्या काही झालं तर सही याची. तरी घाबरून पेशंटला वाऱ्यावर सोडणं हा उपचार नव्हे. त्यांना सरळ म्हणा, कमी करायला मी तयार आहे, वेळापत्रक लिहून द्या.

झोपेची गोळी किंवा दारू सोबत चालते का?

नाही. दोन्ही मिळून श्वास मंदावतो. आधीपासून झोपेची गोळी सुरू असेल तर लपवू नका, स्वतःहून बंदही करू नका, डॉक्टरांना सांगा.

पोट साफ होत नाही, हे औषधामुळे का?

हो, आणि मळमळ चार-सहा दिवसांत जाते तशी ही तक्रार आपोआप जात नाही. ओपिऑइड रोज चालू असेल तर पोट साफ व्हायचं औषध त्याच चिठ्ठीवर असायला हवं. नसेल तर डॉक्टर विसरलेत, आठवण करून द्या, कुणी रागवत नाही.

डॉक्टरांची सवय बदलते तरी कशाने?

लेक्चरने फार नाही. एक प्रयोग मला विसरता येत नाही. सॅन दिएगोमध्ये ओव्हरडोसने गेलेल्या माणसांना आधी ज्या डॉक्टरांनी ही औषधं लिहून दिली होती त्यांतल्या काहींना मृत्यूचं कारण तपासणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सहीचं पत्र पाठवलं की तुमचा हा पेशंट वारला, आणि काळजी कशी घेता येईल याच्या सूचना. दोषारोप नाही, धमकी नाही. पुढच्या तीन महिन्यांत त्या डॉक्टरांचं ओपिऑइड लिहिणं सुमारे १० टक्क्यांनी कमी झालं. २०१८ मध्ये हे 'सायन्स' या जर्नलमध्ये छापून आलं. चिठ्ठी लिहिल्यावर पेशंट दाराबाहेर जातो आणि पुढे काय झालं हे आम्हाला बहुतेक वेळा कळतच नाही. ज्याचं दुखणं न थांबल्यामुळे हाल झाले त्याचं तर पत्रही कुणी पाठवत नाही.

डॉक्टरांकडे जाताना काय बोलू म्हणजे नीट ऐकतील?

दहापैकी किती हा आकडा सांगाच, पण त्यापेक्षा काय जमत नाहीये ते सांगा. जिना चढता येत नाही, कूस बदलताना जाग येते, बसून जेवता येत नाही. आधी काय काय घेतलं, किती घेतलं, त्याने काय झालं, हे कागदावर लिहून न्या. आणि ओपिऑइड लिहिलं तर तिथेच विचारा: किती दिवस, कमी कसं करायचं, कोणत्या तारखेला पुन्हा दाखवायचं, रात्री त्रास झाला तर फोन कुणाला. गुंगी इतकी आली की हाक मारून उठत नाही किंवा श्वास फार हळू चाललाय असं दिसलं तर थांबू नका, लगेच हॉस्पिटल गाठा, नॅलोक्झोन नावाचं उतारा औषध असतं. जास्त डोसवर असाल तर ते घरी ठेवायची सोय आहे का हेही विचारून घ्या.

उरलेल्या गोळ्यांचं काय करू?

कुलपात ठेवा, आणि गरज संपली की औषध परत घेण्याची सोय असेल तिथे किंवा हॉस्पिटलच्या फार्मसीत विचारून देऊन टाका. 'पुढच्या वेळी कामाला येतील' म्हणून डब्यात नको, शेजारच्या काकूंच्या गुडघ्यासाठी तर अजिबात नको. वापरून झालेल्या फेंटानिल पॅचमध्येही औषध उरलेलं असतं, चिकट बाजू आत घेऊन घडी घाला आणि लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा लगेच टाका.